नावाचे प्याले

दक्षिण चीनमधल्या चाओचौमध्ये घरात माणसं कितीही असोत, चहाच्या तबकात प्याले तीनच. निम्म्या लिंबाएवढे, पांढरे, पातळ. वडीलधाऱ्यांनी आधी प्यायचं, मग बाकीच्यांनी पाळीपाळीने. एकाचं झालं की प्याला उकळत्या पाण्यात फिरवायचा आणि दुसऱ्यापुढे ठेवायचा. कुणाचा प्याला कुठला, हे विचारायची कुणाला गरजच पडत नाही. तिंग क्वेइशान याच रीतीत लहानाचा मोठा झाला होता. त्यामुळे आपण जे केलं ते अजाणता केलं, असं त्याला स्वतःशीसुद्धा कधी म्हणता आलं नाही.

तो गावाबाहेरच्या चिनीमातीच्या कारखान्यात भट्टीवर मुकादम होता. घरात तो, बायको सूचेन आणि एकोणऐंशी वर्षांचे वडील. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला, त्यातून ते सावरले, पण ओठ डावीकडून लोंबता राहिला. चहा पिताना लाळेची बारीक तार प्याल्यात उतरायची. त्यात लागण्यासारखं काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि क्वेइशानलाही ते पटलं होतं. तरी त्यांच्या पाठोपाठ प्याल्याला ओठ लावायची वेळ आली की तो प्याला उकळत्या पाण्यातून दोनदा जास्त फिरवायचा. ज्या माणसाने आपल्याला खांद्यावर बसवून नदीवर नेलं त्याची आपल्याला किळस येते, या विचाराची त्याला लाज वाटायची. लाज वाटायची म्हणून तो उपाय शोधायचा.

उपाय सापडला. घरातला चहाचा सगळा सरंजाम आपल्या आवडीने नव्याने मांडायचं त्याने ठरवलं. काळ्या दगडाचं तबक आणलं, बांबूचा चिमटा आणला, वर छोटा दिवा टांगला. आणि भट्टीतून तीन प्याले भाजून आणले, प्रत्येकावर झिलईखाली एकेकाचं नाव. तीन माणसं, तीन प्याले. रीत मोडली म्हणून बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती.

"आजकाल सगळीकडे असंच असतं, बाबा," तो म्हणाला. "ज्याचा त्याचा प्याला. शोभा येते."

वडिलांनी आपलं नाव निरखून पाहिलं. "अक्षर चांगलं आलंय," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात सूचेनने त्याला गाठलं. "किळस येते म्हणून सरळ सांगायचं होतंस."

"हळू बोल."

"ते काय बहिरे आहेत?"

बाहेर वडिलांनी चहा संपवला आणि प्याला खाली ठेवला. अलगद नाही. दगडावरून चांगला वीतभर घासत नेला. खर्र असा आवाज झाला.

पाहुण्याने प्याला घासत ठेवला, तर ते यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखं असतं. चाओचौमधल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. वडिलांनी उभ्या जन्मात असं केलं नव्हतं, आणि केलं ते स्वतःच्याच घरात, पाहुण्यासारखं. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी काठी टेकत गल्लीच्या टोकाला लू काकांकडे चहाला जाऊ लागले. घरच्या चहाला त्यांनी पुन्हा ओठ लावला नाही. आठ महिन्यांनी, पानगळीच्या दिवसांत, ते गेले.

क्वेइशानने नावाचे प्याले त्याच आठवड्यात फोडून कारखान्याच्या खापरांच्या ढिगात टाकले आणि जुने तीन पांढरे प्याले बाहेर काढले. सुतकाचे शंभर दिवस झाल्यावर त्याने लोकांना चहाला बोलवायला सुरुवात केली.

पहिले आले लू काका. सगळी हयात लाकडावर कोरीवकाम केलेला माणूस, सत्तरीतही हात निश्चल. फंगह्वांग डोंगरावरचा चहा होता. ते मन लावून प्यायले, म्हणाले, "वास छान आहे रे," आणि प्याला खाली ठेवला.

खर्र.

म्हातारा कानापर्यंत लाल झाला. "हात जरा घसरला," ते म्हणाले. क्वेइशान हसला, दुसरा चहा ओतला. पुन्हा तेच झालं. लू काका तिसऱ्याला थांबले नाहीत.

मग शेजारच्या म्याओबाई आल्या. मग कारखान्याचे साहेब सपत्नीक आले. सगळी चांगल्या वळणाची माणसं, प्याला फुलासारखा उतरवणारी. प्रत्येकाच्या हातून प्याला घासला गेला आणि प्रत्येकाने मान खाली घातली. क्वेइशानने दगडाचं तबक बदलून लाकडाचं आणलं. आवाज दगडाचाच येत राहिला. त्याने लाकडावर जाड टॉवेल चौघडी करून घातला. टॉवेलवर प्याला टेकला आणि दगडावर दगड घासल्यासारखा तोच आवाज झाला. म्याओबाईंनी टॉवेलला हात लावून पाहिला, मग गॅसवर काहीतरी ठेवून आल्याचं त्यांना आठवलं.

लोक यायचे थांबले. चाओचौमध्ये ज्या घरी कुणी चहाला येत नाही त्या घराबद्दल कुणी काही बोलत नाही, आणि तेच सगळ्यात वाईट. गल्लीतून जाताना क्वेइशान भिंतीच्या कडेने चालू लागला.

एका रविवारी सकाळी सूचेन चहा पिऊन रिकामा प्याला दोन्ही हातांत धरून बसून राहिली.

"ठेव ना," तो म्हणाला.

"मी नाही ठेवणार. मी त्यांना काही केलं नाही." तिने प्याला पुढे केला. "तू घे माझ्या हातातून."

त्याने तो घेतला. श्वास रोखून, पिसासारखा, टॉवेलवर टेकवला.

खर्र.

तो तसाच उठला आणि लू काकांच्या घरी गेला. ऊन छान पडलं होतं. लू काका आणि काकू अंगणात चहालाच बसले होते. काकूंनी स्टूल पुढे केलं.

"काका, मला एक सांगायचंय."

"आधी बस तर."

तो बसला आणि त्याने सगळं सांगितलं. लाळ, किळस, शोभेची थाप. "मी बापाला वाळीत टाकलं, काका. आणि वर त्याचं नाव सजवून दिलं." बोलताना त्याला वर बघवत नव्हतं.

लू काका किटलीतल्या पाण्याचा आवाज ऐकत राहिले. "तो इथे येऊन कधी बोलला नाही," ते म्हणाले. "पण आम्हाला कळत होतं."

"आता मी काय करू?"

"चहा घे."

त्यांनी ओतला. एक प्याला स्वतः घेतला, एक काकूंना दिला. तिसरा तबकातच वाफाळत राहिला. क्वेइशानने त्याच्याकडे हात नेला.

"तो नको," काकू म्हणाल्या. "तो तुझ्या बाबांचा. तुझा हा इथे आहे."

तबकाबाहेर, हातभर अंतरावर, चौथा प्याला होता. लू काकांनी त्यात चहा ओतला आणि चिमट्याने धरून त्याच्यापुढे सरकवला. त्यावर झिलईखाली तीन चिनी अक्षरं होती. तिंग क्वेइशान. अक्षर चांगलं आलं होतं.

"हा कुठून आला?"

"म्हणजे? तूच पाठवलास ना कारखान्यातून?" लू काकांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्याकडे.

"मी समजले तुम्ही आणलात," काकू म्हणाल्या.

त्याने प्याला उचलला. वीस वर्षं तो भट्टीवर होता. माल हातात घेतला की त्याला वय कळायचं. हा या वर्षीचा नव्हता, त्याच्या भट्टीचाही नव्हता. झिलईला केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि भेगांत चहा मुरून त्या तपकिरी झाल्या होत्या. रोज वापरला तरी इतकं व्हायला तीस-चाळीस वर्षं लागतात.



तो प्यायला. चहा चांगला होता. त्याने प्याला खाली ठेवला, आणि आवाज झाला नाही.

लू काकांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा ओतला. क्वेइशानने या वेळी प्याला फिरवून पाहिला. कडेवर एका जागी झिलई झिजून मातीपर्यंत गेली होती, वर्षानुवर्षं एकाच माणसाने एकट्याने तिथूनच प्यावं तशी. त्याने ती जागा तोंडाशी नेली. त्याचा खालचा ओठ तिथे नेमका बसला.