न विचारता

विशाखाची आणि सत्यमची ओळख झाली ती त्याच्या पायावर लोखंड पाडून. बाहेर पावसाची झड लागलेली, वाळूजच्या सिटी बसला करकचून ब्रेक लागला आणि तिची जड पिशवी थेट त्याच्या अंगठ्यावर!

“आई गं… रणगाडा घेऊन फिरता का काय मॅडम?”

“लई लागलं का?”

“नाय… पण तुम्ही विचारताय तर म्हणतो, लई लागलं.”

ती खुदकन हसली. तिथंच पोरगं कामातून गेलं.

पिशवीत होती तिनं स्वतः घडवलेली कडी. पत्रा ठोकून आकार देणाऱ्या प्रेस मशीनला ती लावली की हात आत असेपर्यंत ठोका पडायचाच नाही, आणि कामाचा वेगही घटायचा नाही. वेगाचंच तर सगळं दुखणं होतं. तिची आई, कडूबाई, प्रेसवर कामाला होती. संरक्षक जाळीमुळं नग कमी भरतात म्हणून सगळ्या बायांप्रमाणं तिनंही जाळी सुतळीनं वर बांधून ठेवली, आणि दोन बोटं गमावली. कंपनी म्हणाली, चूक बाईची. तेव्हापासून आयटीआयत शिकवणाऱ्या या लेकीनं एकच ध्यास घेतला होता. कडी आपल्या नावावर झाली, तर कुणी दाबून ठेवू शकणार नाही, गावोगावच्या प्रेसवर ती आपण लावू.

“पेटंटचा अर्ज होईपर्यंत कुणाला दाखवू नकोस,” वकील जोहरा मॅडमनी बजावलं होतं. तिनं दाखवली फक्त सत्यमला. तो एका मोठ्या कंपनीत फिटर होता. रविवारी त्याच्या मित्राच्या शेडमधल्या प्रेसवर दोघं कडी लावून बघायचे. ऑइलनं माखलेले हात पुसायला एकच फडकं, आणि ते आधी कुणी घ्यायचं यावरून तासभर लाडिक भांडण.

प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात. या बहाद्दराला तोंड मिटून राहणंही जमलं नाही! कंपनीच्या सुधारणा स्पर्धेत त्यानं कडीचा व्हिडिओ लावला, तोही तिच्या नावासकट. तिला न विचारता. कंपनीनं तो इंटरनेटवर टाकून सगळ्या जगाला दाखवला. बक्षीस मिळालेला कुकर घेऊन तो हसत तिच्या दारात आला… आणि तिचा पांढराफटक चेहरा बघून उंबऱ्यातच थबकला.

“जगानं बघितलं, सत्यम. आता ते नवं राहिलं नाही, आणि नवं नसलं की पेटंट मिळत नाही.”

“मला वाटलं… तुझं नाव होईल.”

औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात जोहरा मॅडमनी सत्यमकडं बघत चष्मा काढला. “स्पर्धेत आलेलं ते आमचं, म्हणून तुमच्या कंपनीनं कडीवर हक्क सांगितलाय. एकच वाट आहे. हिच्या संमतीवाचून तुम्ही हे उघड केलं, असं शपथेवर लिहून द्या. मालकाच्या संमतीवाचून उघड झालेलं कायदा धरत नाही. आजच अर्ज करू. पण कंपनी तुम्हाला ठेवणार नाही.”

पुढच्याच महिन्यात तो नोकरीत कायम होणार होता. विशाखाला ते ठाऊक होतं. पण डोळ्यांपुढून आईचा हात हलेना.

“सही कर,” ती म्हणाली.

त्यानं केली.

“तुमचं लग्नबिग्न ठरलंय?” मॅडमनी विचारलं.

“नाय.” दोघं एकदमच बोलले, आणि लाजले.

“मग ठरवूही नका. निकाल लागेपर्यंत भेटायचं नाही. समोरचा वकील म्हणेल, जीव होता एकमेकांवर, संमती असणारच.”

खाली पाऊस धो धो कोसळत होता. दोघं जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले, मध्ये हातभर अंतर ठेवून.

“पुण्याकडं बघतो काम,” तो म्हणाला. “विशाखा… एक सांगायचं होतं. त्या दिवशी कुकर घेऊन आलो, तेव्हाच—”

“नको सांगू! कोर्टात विचारलं तर मला खोटं बोलता यायचं नाही.”

“वर्षं लागतील म्हणे.”

“लागू दे.”

“तोवर?”

तिला त्याचा भिजलेला हात घट्ट धरावासा वाटत होता. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळून घेतले.

“तोवर तू माझा कुणी नाहीस,” ती म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.