वारा शिरतोय कुठून?

भिवघाटाच्या चढावर डॉक्टरांची हिरवी मोटार तिसऱ्यांदा शिंकली, दोन हिसके देऊन थांबली, आणि रस्त्याकडेच्या मोरीवर बसलेला एक माणूस चक्क हसला.

मला असा राग आला त्याचा! सेहेचाळीस सालच्या माघातली ती दुपार. आटपाडीजवळच्या धनगरवस्तीवर भामाबाई नावाची बाई आदल्या दिवसापासून बाळंतपणात अडली होती. डॉक्टर तापानं झोपलेले, म्हणून सांगलीहून मी, त्यांची नर्स, एकटीच निघाले होते. मोटार चालवायला म्हातारे बाळासोमामा.

"हसायला काय झालं?" मी खिडकीतूनच विचारलं.

तो उठून जवळ आला. खाकी स्वेटर, उन्हानं रापलेला चेहरा... आणि डोळे मात्र अगदी मिश्कील. "तुमाला न्हाई हसलो, बाई. गाडी उपाशी हाय तुमची."

"सकाळीच पेट्रोल घातलंय!" मामा कावले.

"टाकीत आसंल, मामा. इंजनाला पुरत न्हाई. जरा चोक ओढून चालू करा बघू."

मामांनी चोक ओढला. खोकणारं इंजिन एकदम शहाण्यासारखं चालू लागलं.

"बघितलंसा? चोकानं वारा अडवला, तशी गप झाली. म्हंजे वारा लय आन् पेट्रोल कमी." मोटार बंद करून त्यानं फडक्यानं धरून एक प्लग काढला. चुन्यासारखा पांढराफटक होता तो. "नीट जळलं तर ह्यो तपकिरी ऱ्हातो. आसंच रेटलं तर इंजन तापून वाटंतच बसंल."

"पेट्रोल सोडणारं जेट मी कालच साफ केलंय," मामा म्हणाले. त्यानं टाकीकडून येणारी नळी सोडवून पाहिली. पेट्रोलची धार चांगली येत होती.

"मग वाराच कुठनं तरी चोरून शिरतोय." त्यानं माझ्या पेटीकडे पाहिलं. "बाई, ते कानात घालायचं हाय न्हवं तुमच्याकडं? त्याची चकती काढून द्या."

"मोटारीची छाती तपासणार?"

"छाती तुमी तपासा. तुमचा कान तयार हाय, माझा तोफांनी बधिर केलाय."

मी स्टेथोस्कोप कानाला लावला. इंजिन पुन्हा धडधडू लागलं. नळीचं मोकळं टोक त्याच्या हातात. तो ते कार्बोरेटरभोवती हळूहळू फिरवत होता. पोटातल्या बाळाचे ठोके ऐकताना धरते तसा मी श्वास धरला. आमची डोकी इतकी जवळ होती, की त्याच्या स्वेटरचा साबणाचा वास मला येत होता... आणि मग एका सांध्याशी बारीकशी शीळ ऐकू आली.

"इथं!"

त्यानं तिथं तेलाचे दोन थेंब सोडले. शीळ थांबली, इंजिनाचा सूर क्षणभर सुधारला, तेल आत ओढलं गेल्यावर पुन्हा बिघडला.

"सांध्यातलं पॅकिंग फाटलंय," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. आता मात्र मला राग आला नाही.

त्यानं माझ्या वहीचा जाड पुठ्ठा मागितला, आणि कात्री. मी हातात आली ती दिली आणि लगेच ओढून घेतली. "ही नको! हिनं नाळ कापायचीय."

"मग दुसरी द्या. बाळाच्या आधी माझा नंबर कशाला?"

पुठ्ठा सांध्यावर दाबून त्यानं ठसा उमटवला, नेमका कापला, तेलात भिजवून बसवला आणि चारही नट थोडे थोडे करत सारखे आवळले. मोटार चोकाशिवाय चढाला लागली. पण त्याआधी मामांनी त्याची ट्रंक मागं टाकली होती. "चल गड्या. परत शिंकली तर मी काय करू?"

वाटेत कळलं, त्याचं नाव कृष्णात. कऱ्हाडकडचा. पाच वर्षं पलटणीच्या मोटारी दुरुस्त करत इटलीपर्यंत गेलेला. तिथंच लढाईत गेलेल्या मित्राचं सामान आटपाडीला त्याच्या आईबापांकडे देऊन मग तो गावी परतणार होता.

दिवस मावळता भामाबाई सुटली. मुलगी झाली. मी हात पुसत बाहेर आले, तर तो लिंबाखाली उभाच. "दोघी?" त्यानं विचारलं.

"दोघी बऱ्या आहेत."

त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. मधल्या वेळात मित्राच्या घरी जाऊन आला होता ना तो... मी नुसती शेजारी उभी राहिले.

महिन्याभरात त्यानं सांगलीतल्या विश्रामबागेत एका गॅरेजात काम धरलं. दर शनिवारी डॉक्टरांची मोटार 'एकदा ऐकून जातो' म्हणून यायचा. सांगलीभर हळद शिजल्याचा वास असायचा, आणि मी दवाखान्याच्या खिडकीशी उगाच पट्ट्या गुंडाळत बसायची.

"मोटारीला काय बी झालं न्हाई," मामा एकदा मोठ्यानं म्हणाले, "ह्या पोरालाच काय तरी झालंय!"

चैत्रात कृष्णेच्या घाटावर त्यानं विचारलं. सरळच. "अंजनाबाई, माझ्या घरात याल?"

मी पाण्याकडे पाहत राहिले. "माझं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. तेराव्या वर्षी नवरा गेला. त्याचा चेहरासुद्धा मला आठवत नाही... पण लोकांना आठवतो."

"ठावं हाय. पहिल्याच दिशी मामांनी सांगितलं."

"आणि तुमची आई?"

तो खडे टाकत बसला. "तीन डाव न्हाई म्हणाली. चौथ्या डावाला तुमालाच घिऊन जातो म्हटलं."

त्याच्या गावी जायला डॉक्टरांनीच मोटार दिली. राहीबाई, त्याची आई, दारात उभ्या होत्या. पांढऱ्या कपाळाच्या, ताठ. आत या म्हणाल्या नाहीत. मी खाली वाकून पाया पडले. त्यांनी माझं कपाळ पाहिलं, फार वेळ पाहिलं. मग वळून आत गेल्या. कृष्णातचा चेहरा उतरला. परतायचंच, असं मी मनाशी म्हटलं.

आत ट्रंकेचं झाकण वाजलं. त्या बाहेर आल्या तेव्हा हातात कुंकवाचा पितळी करंडा होता, काळा पडलेला.

"ह्याचा बा गेला तवापास्नं उघडला न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं लावू नये म्हणत्यात. तुझी तू लाव, पोरी."

मी हात पुढे केलाच नाही. "आई... तुम्हीच लावा."

त्या दचकल्या. आळीतल्या बायका दारादारांत येऊन उभ्या राहिल्या होत्या. राहीबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. मग करंड्यात बोट बुडवलं.

आज इतकी वर्षं झाली, पण माझ्या कपाळाला टेकलेलं ते खरखरीत बोट मला अजून तसंच जाणवतं.