डब्याच्या बदल्यात सोबती

शलाका स्टीलच्या डब्यातून भाजणी काढत होती, तेवढ्यात साताऱ्याहून धाकट्या भावाचा, निनादचा फोन आला.

"ताई, आईचं बोलणं नेटवर आलंय. सोबतीवर बोललेलं सगळं. शेजारच्यांनीच लिंक पाठवली."

सोबती म्हणजे घरातही एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांच्या गळ्यातलं लॉकेट. त्यात मनातलं बोलावं आणि पलीकडे रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी ऐकावं. ही संभाषणं कुलूपबंद कशी करायची, हे कंपनीत शलाकाच ठरवत असे.

"शक्यच नाही," ती म्हणाली. "कुलपाचं गुपित फक्त लॉकेटकडे आणि रुग्णालयाकडे असतं. कारखान्यातच घातलेलं."

"मग लॉकेट कुठंय?"

शलाकाने डब्याकडे पाहिलं. तेराव्यानंतर आईचं सामान आवरायला तिच्याकडे जेमतेम एक दुपार होती. जुन्या साड्यांवर हा डबा द्यायला भांडीवाली कुरकुरली, तेव्हा तिने ते बंद पडलेलं लॉकेटही वर टाकलं होतं. भंगारात ते कुणाला तरी सापडलं असणार, आणि त्याने आतलं गुपित काढून घेतलं असणार.

पण खरी माती तिने त्याआधीच खाल्ली होती. लॉकेट आणि रुग्णालयातलं, ही दोन यंत्रं बोलण्याआधी एकमेकांना विचारतात, तुला कोणती कुलपं चालतात? यादीत दोन होती. पहिलं दर संभाषणाला नवी किल्ली घडवून लगेच मोडून टाकायचं; मग गुपित फुटलं तरी जुनं काही उघडत नसे. दुसरं थेट त्या गुपितावरच चालायचं. पहिलं बॅटरी खायचं. "म्हाताऱ्यांच्या गप्पा कोण चोरतंय?" म्हणत तिने दुसरं यादीत वर, म्हणजे आधी तेच निवडलं जाईल असं, ठेवलं आणि बॅटरी तीन दिवस जास्त चालते म्हणून मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्या. ती कुलूपबंद संभाषणं मात्र कुणीतरी वाटेतच पकडून वर्षानुवर्षं साठवून ठेवत होतं, कधीतरी ते गुपित हाती लागेल म्हणून.

"तू ऐकलंस?" तिने विचारलं.

"ऐकलं. तीन वर्षं आजारपण काढलं मी तिचं. उचललं, भरवलं, धुतलं. आणि ती त्या बाईंना सांगतेय, ह्याचा हात लागला की नकोसं होतं, माझी शलाका हवी होती. तोंडावर कधी बोलली नाही गं. माझ्या हातचं तिला बरं वाटतं असं समजत होतो, एवढंच होतं माझ्याजवळ."

शलाकाला स्वतःची शिसारी आली. तिने त्याला सगळं सांगून टाकलं: डबा, यादी, टाळ्या.



"ताई," तो म्हणाला, "ऐकलेलं परत बंद करायचं एखादं कुलूप आहे का तुझ्या यादीत?"