डोकं दुखतंय का गं?

सहाव्या महिन्यापासून तिचं बीपी चढलेलं होतं. बाळंतपण सुखरूप झालं आणि घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "अजून काही आठवडे रोज बीपी मोजा, गोळी बंद करू नका," असं निघताना नर्सने बजावलं होतं. पण आईने घरी आल्याआल्याच मशीन कपाटावर टाकलं.

"बाळ बाहेर आलं, आता कसलं बीपी? त्या पट्ट्यानेच तुझा जीव घाबरा होतो."

नवऱ्यानेही मान डोलावली. दोघांशी वाद घालून तिचं तोंड दुखलं. शेवटी तिने नाद सोडला.

त्या दुपारी बाळ नुकतंच झोपलं होतं. तिचा डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून दबका आवाज आला, "डोकं दुखतंय का गं?"

"नाही गं आई. झोपू दे."

थोड्या वेळाने पुन्हा तेच.

"जागरणाने दुखणारच ना! गप्प बस, बाळ उठेल."

खोली कोंदल्यासारखी झाली. कुठूनसा स्पिरिटचा वास आला. आता आवाज दाराशी, अगदी चौकटीपलीकडे होता.

"डोळ्यांपुढे... काजवे चमकतात का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन स्वतःच लपवायचं आणि वर ही उलटतपासणी! तिने तरातरा जाऊन दार उघडलं.

स्वयंपाकघरात कोणीच नव्हतं. बाहेरच्या दाराशी आईच्या चपलाही नव्हत्या. तेवढ्यात फोन वाजला. "अगं, मी दुकानात आहे. दूध आणू का?"

फोनवरचं आईचं नाव तिला धड दिसेना. खरंच काजवे चमकत होते.

तिने कपाटावरचं मशीन काढून बीपी मोजलं. वरचा आकडा एकशे ऐंशीच्या पुढे.

"आई... आत्ताच्या आत्ता घरी ये."

"आणखी उशीर केला असता तर झटके आले असते," दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. इंजेक्शनं सुरू झाली. आई बाळाला घेऊन पायाशी बसून रडत होती. नवरा मिनिटामिनिटाला आकडे वाचून दाखवत होता. तिला आता त्याचाही वैताग आला. दोघांना तिने चहाला पिटाळलं.

पडद्यापलीकडच्या खाटेवर कालच बाळंत झालेली एक मुलगी होती. वॉर्ड शांत होता. अचानक ती मुलगी चिडून म्हणाली, "नाही म्हटलं ना हो... किती वेळा विचाराल?"

हिने पडदा सरकवला. खाटेजवळ कोणीच नव्हतं.

तिने घंटी दाबली ती दाबूनच धरली. नर्स धावत आली.

"माझं नाही, आधी हिचं बीपी बघा!"

नर्सने पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि डॉक्टरांना बोलवायला पळाली. मुलीचा दुसरा हात मात्र अधांतरी उचललेलाच होता. रिकाम्या कोपऱ्याकडे बघत ती कुरकुरली,

"आता... हात तरी सोडा माझा."