शेवटच्याच्या मागे

पद्मनाभाला त्या संध्याकाळी काम एकच होतं. सगळ्यांच्या मागे राहायचं.

हसू नको, प्रणीत. ते कामच आहे. उद्या तुम्ही पोरं रानात पळायला निघालात म्हणून सांगतोय. मोबाइल खाली ठेवा आणि ऐका. पद्मनाभ आपल्याच चामराजपेटेतला, भाग्यलक्ष्मीबाईंचा थोरला. खोटं वाटलं तर जाऊन विचारा त्याला. दिवसा विचारा. रात्री तो याबद्दल बोलत नाही.

गेल्या डिसेंबरातला तिसरा शनिवार. अमावास्या सकाळी संपलेली, म्हणजे चंद्र असून नसल्यासारखा. कोरमंगला, बेळ्ळंदूरकडची ऑफिसातली मंडळी शहराबाहेर पळायला गेली होती. कनकपुरा रस्त्याच्या आत एक तळं आहे. भोवती बांध, पलीकडे निलगिरीचं रान, मग नाचणीची शेतं. झाडांना लाल फिती बांधून वाट दाखवलेली. रानातून जायचं, तळ्याला वळसा घालायचा, सांडव्यापाशी डावीकडे उतरलं की मारुतीचं देऊळ. तिथे संपलं. तिथेच इडल्या.

या मंडळींची एक रीत आहे. एकाने सगळ्यांत शेवटी राहायचं. झाडांवरच्या फिती सोडवून घेत यायचं, आणि जो कुणी सगळ्यांत मागे असेल त्याच्या मागे राहायचं. तो चालो, बसो, रडो. त्याच्या पुढे जायचं नाही. या माणसाला ते शेपूट म्हणतात.

पुण्याचा सुशांत त्यांचा म्होरक्या. म्हणाला, "काय पद्मनाभ, आज पण शेपूटच?"

"शेपूट नसलं की माकड पडतं झाडावरून," पद्मनाभ म्हणाला. सगळी हसली.

त्याला त्या कामाचा अभिमान होता. तीन वर्षांत त्याने एकालाही मागे टाकलं नव्हतं.

त्या दिवशी धाकटी बहीण बरोबर होती. हर्षिता. पहिल्यांदाच आलेली. निघताना आईने बजावलं होतं, "तिला घेऊन जातोयस, तशीच घेऊन ये." गाडीत दोघांचं वाजलं. हर्षिता म्हणाली, "अण्णा, मी हळू पळते म्हणून मागून सूचना देत बसू नको. लांब राहा. बोलू नको माझ्याशी."

"सरी, सरी," तो म्हणाला. "बरं, नाही बोलत."

चार वाजता सगळी निघाली. पद्मनाभ फिती सोडवत सावकाश मागून आला. निलगिरीच्या रानात एका फाट्यावर फीत नव्हती. नुसता चावलेला तुकडा लोंबत होता. शेळीने खाल्लेली. तो हसला आणि ओळखीच्या वाटेने तळ्याकडे वळला.

बांधावर चढला तेव्हा सूर्य गेला होता. पाणी काळं पडत होतं. पुढे, हाकेच्या अंतरावर, एक मुलगी चालली होती. एकटी. पाठीवर लांब वेणी. उजवा पाय जरा ओढत.

हर्षिता, त्याला वाटलं. पाय दुखतोय, पण सांगणार नाही. हट्टी.

"हर्षी, थांबायचंय का?"

तिने मागे पाहिलं नाही. हात तेवढा वर केला. नको.

बरं, नको तर नको. बोलायचं नाही असं ठरलंच होतं. तो अंतर ठेवून मागे राहिला. ती हळू, तर तो हळू. बांध अरुंद. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला काटेरी झुडपं. अंधार झाला. त्याने कपाळावरचा दिवा लावला. उजेड तिच्या टाचांपर्यंत जेमतेम पोचत होता.

सांडवा आला. डावीकडे वाट उतरत होती. खाली देवळाचा दिवाही दिसत होता.

ती वळली नाही.

"अगं, डावीकडे! हर्षी!"

ती सरळ गेली. पुन्हा तळ्याच्या वळशाला.

आता तुम्ही म्हणाल, चकवा. गावाकडे माणूस त्याच त्या जागी फिरत राहिला की चकवा लागला म्हणतात. पण चकवा वाट विसरायला लावतो. पद्मनाभ वाट विसरला नव्हता. देऊळ समोर होतं. उतरला असता तर दोन मिनिटांत माणसांत गेला असता. पण शेवटचं माणूस बांधावर होतं, आणि ते माणूस त्याची बहीण होती. तो तिच्या मागे गेला.

चिडला होता. पण गेला.

अर्धा वळसा झाला. ती बोलत नव्हती. तोही बोलत नव्हता. मग त्याच्या लक्षात आलं की तिचा पाय ओढल्याचा आवाज येतोय, पण श्वासाचा येत नाही. इतकं चाललेल्या माणसाचा श्वास ऐकू येतो. त्याचा स्वतःचा येत होता. एकच.

आणि खिशातला फोन वाजला.

"अण्णा, आहेस कुठे? इडल्या संपत आल्या."

हर्षिता.

पद्मनाभ जागच्या जागी थांबला. पुढची... तीही थांबली.

"तू... तू कुठे आहेस?"

"देवळापाशी. फाट्यावर फीतच नव्हती रे, मी चुकून जवळच्या वाटेने आले. सगळ्यांच्या आधी पोचले, सुशांत चिडवतोय मला. तुला बरं नाही का? आवाज असा काय?"

त्याने कपाळावरचा दिवा पुढे रोखला.

"थांब, मी टॉर्च घेऊन येते."

"येऊ नको! हर्षी, येऊ..."

फोन कटला. पुन्हा लावला. लागेना.

पुढची अजून उभी होती. पाठमोरी. वेणी हलत नव्हती.

मग लांब समोर, वळशाच्या पुढच्या टोकाला, सांडव्याजवळ एक उजेड बांधावर चढला. डुलत डुलत इकडे यायला लागला.

पुढचीने चालायला सुरुवात केली.

आता ती पाय ओढत नव्हती.

मागे जायला पद्मनाभाला वाट मोकळी होती. पण बहीण पुढे होती. मध्ये ती. बांध एकच.

तीन वर्षांत केलं नव्हतं ते त्याने केलं. पळाला. झुडपांच्या बाजूने अंग चोरून, काटे खात. तिच्या शेजारून गेला तेव्हा गाळाचा वास आला. त्याने मान वळवली नाही. डोळे टॉर्चवर.

पुढे गेला.

...आता ती त्याच्या मागे होती.

"अण्णा!" हर्षिता हसत होती. "अरे, केवढा पळतोस! आणि ती मागे कोण?"

"वळ. चल."

"पण ती येतेय ना. शेवटच्याला सोडायचं नाही, तूच सांगतोस."

"हर्षी. वळ."

त्याचा चेहरा पाहून ती वळली. त्याने तिला पुढे घातलं आणि स्वतः मागे राहिला. अगदी चिकटून. तिची पाठ आणि त्याची छाती, मध्ये वीतभर जागा नाही. त्याने मनाशी ठरवलं, काय यायचं ते माझ्या अंगावरून येऊ दे. हिच्यापर्यंत नाही.

मागे पावलं होती. ओली. ही दोघं पळाली की पळायची. हर्षिता ठेचकाळली, दोघं थांबली.

पावलंही थांबली.

फार जवळ.

पद्मनाभ हलला नाही. मागे वळून पाहिलं सुद्धा नाही त्याने. तसाच उभा. मग सांडवा. मग उतार. मग देवळाचा दिवा, माणसं, सुशांतचा मोठा आवाज.

मागे कुणी नव्हतं.

पद्मनाभाने सांगितल्यावरून सुशांतने पुन्हा माणसं मोजली. सगळी होती. "कोण राहिलंय म्हणतोस? अरे, तूच शेवटचा," तो म्हणाला. पद्मनाभाने पाणी मागितलं. 

रात्री घरी आले. हर्षिता धडधाकट. जेवली, हसली, आईला शेळीची गोष्ट सांगितली. पद्मनाभ तिच्याकडे बघत बसला होता. जशी नेली तशी आणली. त्या रात्री तो झोपलाही.

काय, प्रणीत? संपली? नाही.

सकाळी भाग्यलक्ष्मीबाई कपडे धुवायला बसल्या. त्यांनी हाक मारली. हर्षिताच्या टी-शर्टवर पाठीच्या मधोमध हाताचा पंजा उमटला होता. काळ्या गाळाचा. पाच बोटं, लहान, अजून ओली.

"पोहायला गेला होतात की काय रे?" त्यांनी विचारलं.

पद्मनाभाने टी-शर्ट हातात घेऊन सुलटा केला. बाहेरून कोरडा होता. स्वच्छ होता.

पंजा आतल्या बाजूने होता.