लिस्बनचा वाटाड्या

त्या दिवशी माझ्याकडे एकच छत्री होती, आणि ती मी बंबार्दिनोवर धरली होती.

बंबार्दिनो म्हणजे आमच्या गावच्या बँडमधलं माझं पितळी वाद्य. तीन वर्षांच्या पोराएवढं, आणि तितकंच जड. बेजा शहरातून दुरुस्त करून आणत होते. पेटीची कडी तुटलेली, आत पाणी शिरलं असतं तर बँडच्या विर्जिलियो मास्तरांनी मलाच दोरीवर वाळत घातलं असतं. बसने मला आमच्या मोंताल्विन्योच्या फाट्यावर उतरवलं तेव्हा मार्चचा पाऊस अगदी आडवा येत होता.

"छत्री माणसांसाठी असते असं मी आजवर समजत होतो," मागून कुणीतरी म्हणालं.

"माणसं वाळतात," मी वळूनही न बघता म्हटलं. "पितळेवर डाग पडले की जात नाहीत."

"मग माणसाला निदान पेटी उचलायला मदत चालेल ना?"

आता मात्र वळले. माझ्याच बसमधून उतरलेला, उंचसा, ओले केस कपाळाला चिकटलेले, खांद्यावर एक बॅग... आणि हसताना एकच गाल खळीने खोल जाणारा. पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीने वेधलं. त्याचा 'र'! आम्ही अलेंतेजोची माणसं 'र' जिभेच्या टोकावर नाचवतो. याचा 'र' थेट घशातून आला होता, रेडिओवर बातम्या देणाऱ्यांसारखा.

"तुम्ही लिस्बनचे?" मी एकदम विचारलं.

तो क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला. पावसाचं पाणी त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून ओघळत होतं.

"...हो," तो म्हणाला. "म्हणजे — हो."

"देवच पावला!" मी म्हटलं, आणि पेटीची दुसरी बाजू त्याच्या हातात दिली.

देव पावला म्हणायला कारण होतं. आमचा बँड जूनमध्ये लिस्बनला जाणार होता. संत आंतोनियोच्या उत्सवात, ग्रासाच्या टेकडीवरच्या एका चौकात वाजवायला. हे खूळ माझंच. मास्तर म्हणाले होते, "जासिंता, ते शहर आहे. आपल्याला गिळून ढेकरही देणार नाही." मोठा ढोल वाजवणारे झेफेरिनोकाका म्हणाले होते, "तिथली माणसं आपल्या हळू बोलण्यावर विनोद करतात. मी विनोद व्हायला तिकीट काढून जाऊ?" तरी मी सगळ्यांना हो म्हणायला लावलं. आणि मग रात्रभर छताकडे बघत पडले, कारण लिस्बन मीसुद्धा पाहिलं नव्हतं. सात वर्षांची असताना टॉन्सिलसाठी नेलं होतं म्हणे. मला आठवत होती ती दवाखान्याची एक हिरवी भिंत आणि एक आइस्क्रीम.

त्याचं नाव तेल्मो. आमच्या म्हाताऱ्या गुरांच्या डॉक्टरांचा पाय मोडला होता, त्यांच्या जागी जूनअखेरपर्यंत मेंढ्या तपासायला आला होता. संध्याकाळी काम संपलं की तो देओलिंदा मावशीच्या कॅफेत यायचा. मी आधीच टेबलावर लिस्बनचा नकाशा पसरून बसलेली असायची. चारही कोपरे उडू नयेत म्हणून एकावर मीठदाणी, एकावर तेलाची बाटली, एकावर ऑलिव्हची बशी, आणि चौथ्यावर माझं कोपर.

"चढ किती आहे?" मी विचारायची. "झेफेरिनोकाकांचे गुडघे दुखतात."

"लिस्बनमध्ये चढच आहेत. मधे मधे घरं बांधलीत."

"थट्टा नको हं."

"थट्टा नाही. हे बघा..." त्याचं बोट नकाशावरून चालायला लागायचं. "इथे ट्राम वळते. इतकी भिंतीला घासून, की लोक दारात आत सरकतात आणि गेली की पुन्हा बाहेर येऊन तेच वाक्य पुढे बोलतात. इथे गल्ली एवढी अरुंद, की समोरच्या घरातली बाई मीठ मागायला नुसता हात लांबवते. आणि इथे एक अंगण आहे. त्यातून आत शिरलं की मागे पायऱ्या. वर चढलात की थेट चौकात. बाहेरच्यांना ठाऊकच नसतं."

मावशी कॉफी ठेवताना म्हणायची, "हा पोरगा मेंढ्यांचा डॉक्टर आहे की कवी?"

"मेंढ्या निदान माझं ऐकून घेतात, मावशी."

"आमची जासिंताही ऐकते की. तोंड उघडं टाकून."

मी चटकन तोंड मिटायची.

एप्रिलमध्ये 'तुम्ही' गळून पडलं. मीच म्हटलं, "मेंढ्यांना तू म्हणतोस, मला अहो-जाहो कशाला?" मे महिन्यात तो माझ्यासाठी रानातून पुदिना आणायला लागला. हातात न देता नकाशावर ठेवायचा, जणू लिस्बनमध्येच उगवलाय. एकदा नकाशातल्या तेजो नदीच्या काठावर माझं बोट होतं. त्याचं बोट समोरच्या काठावरून हळूच आलं...

"इथून बोटीने पलीकडे जायचं," तो म्हणाला.

"पण इथे पूल दाखवलाय."

"हं? हो... पूलही आहे."

"लिस्बनकर ना तू? पूल विसरलास?"

त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, माझ्या बोटाला त्याचं बोट लागलं म्हणून. मला ते आवडलं. एवढं आवडलं, की पुलाचा विचार मी पुन्हा केलाच नाही.

एवढंच की — त्याचं घर कुठे, ते तो कधी दाखवत नसे. विचारलं की कॉफी ढवळत राहायचा. साखर न घातलेली कॉफी!

"जून संपला की?" एकदा मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"की... परत जायचं."

"लिस्बन काही फार लांब नाही," मी म्हटलं. तो नकाशाची घडी घालायला लागला, आणि मी घरी जाऊन उगाचच रडले.

उत्सवाच्या दिवशी सकाळी आमची बस निघाली. तेल्मो वाटाड्या म्हणून पहिल्या सीटवर, मी शेजारी. दुपारी पुलावर चढलो आणि खाली नदी, समोर ते पांढरं-पिवळं शहर, उतरंडीसारखं एकावर एक रचलेलं... झेफेरिनोकाकांनी टोपी काढली. मी तेल्मोकडे बघितलं. तो खिडकीला नाक लावून बसला होता, आणि त्याचे डोळे भरले होते. स्वतःच्या शहराकडे असं कोण बघतं, असं मनात आलं खरं.

ग्रासाच्या टेकडीखाली बस थांबली. गल्ल्यांवर रंगीत पताका, चुलाण्यांवर सार्डिन मासे, सगळीकडे धूर. आम्ही गणवेश सावरत, वाद्यं सांभाळत तेल्मोच्या मागे चढायला लागलो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तो पुढे पुढे, जवळजवळ धावत. एका अंगणात शिरला आणि थांबला.

समोर भिंत होती. पायऱ्या नव्हत्या. चांगली जुनी, चुना उडालेली भिंत.

मागे गल्लीत आमचा सगळा बँड अडकला. मोठा ढोल दोन घरांच्या मधे बुचासारखा बसला. मास्तर घाम पुसत म्हणाले, "साहेब, आता कुठून?"

"तेल्मो, कुठून जायचं?" मीही विचारलं.

"मला... माहीत नाही."

"म्हणजे?"

तो माझ्याकडे वळला. इतका पांढरा पडलेला माणूस मी पाहिला नव्हता. "जासिंता, मी इथे कधीच आलो नाही. मी लक्झेंबर्गमध्ये जन्मलो, तिथेच वाढलो. लिस्बनचा फक्त विमानतळ पाहिलाय आणि बसचा थांबा. माझी आई इथे एका घरी कामाला होती, लग्न होऊन देश सोडण्याआधी, तो पूलही नव्हता तेव्हा. रोज संध्याकाळी भांडी घासताना ती मला याच गल्ल्या सांगायची. मी तुला तेच... तिचंच सांगितलं सगळं."

मला आधी पूल आठवला. मग तो पुदिना आठवला. आणि मग असा राग आला, की बंबार्दिनो त्याच्या डोक्यात घालावासा वाटला.

"तीन महिने!" मी ओरडले. "आणि ही सगळी माणसं माझ्या शब्दावर आलीत!"

"तू फाट्यावर 'लिस्बनचे?' असं विचारलंस ना, तेव्हा तुझा चेहरा असा काही उजळला... मला नाही म्हणवलं नाही. नंतर रोज ठरवायचो आज सांगेन, आणि तू नकाशा उघडून बसलेली असायचीस."

मागून झेफेरिनोकाका ओरडले, "भांडण नंतर करा! माझा ढोल अडकलाय!"

चौकात लोक आमची वाट बघत असणार. वेळ होत आली होती. मास्तरांच्या डोळ्यांत 'मी सांगत होतो ना' असं स्वच्छ लिहिलेलं. त्या क्षणी मला काय सुचलं कोण जाणे. मी पेटी उघडली.

"मास्तर, इथेच वाजवू या."

"इथे? भिंतीसमोर?"

"आपल्याला चौक सापडत नाही, तर चौकाला आपण सापडू!"

मास्तरांनी एकदा भिंतीकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मग छडी उचलली.

त्या अरुंद गल्लीत आमच्या बँडचा असा आवाज घुमला, की वरच्या कुंड्या थरथरल्या. झेफेरिनोकाकांनी अडकलेला ढोल अडकलेल्या जागीच बडवला. एक खिडकी उघडली, दुसरी उघडली. हातातला झारा तसाच घेऊन बायका बाहेर आल्या. "अहो, हेच ते अलेंतेजोचे! वर चौकात शोधतायत यांना!" मग काय, दोघांनी ढोल ओढून काढला, कुणी मास्तरांचा हात धरला, आणि सगळी गल्लीच आम्हाला वाजवत-गाजवत टेकडीवर घेऊन निघाली. चौकातल्या लोकांना वाटलं, अशी मिरवणुकीने येण्याची आमची रीतच आहे. टाळ्या थांबेनात. झेफेरिनोकाका त्यानंतर जन्मभर सांगत राहिले, की ती युक्ती त्यांच्या ढोलाची.

वाजवून झालं तेव्हा सूर्य नदीवर टेकला होता. तेल्मो चौकाच्या कठड्याशी एकटाच उभा होता. त्याच अंगणातली एक म्हातारी त्याच्याशी बोलत होती. मी जवळ गेले.

"पायऱ्या होत्या रे बाळा," ती म्हणत होती. "मालकाने भिंत घातली, त्यालाही वर्षं झाली. पण तुझी आई... काय सांगू? खेड्यातून अशा कितीतरी पोरी आल्या, गेल्या." तिने त्याचा गाल थोपटला आणि ती निघून गेली.

माझा राग विरघळत होता, पण ते एवढ्यात दाखवायचं नव्हतं.

"पायऱ्या होत्या तर," मी म्हटलं.

"होत्या."

"म्हणजे अगदीच खोटारडा नाहीस. नुसता तीस वर्षं उशिरा आलास."

तो हसला, ओशाळून. त्याच्या हातात तुळशीसारख्या मांजेरिकोची छोटीशी कुंडी होती, आज इथे प्रत्येक जण आपल्या माणसाला देतो तशी. मी वास घ्यायला वाकले तसा त्याने हात आडवा घातला.

"नाकाने नाही. कोमेजतं म्हणतात. आधी तळव्याने कुरवाळ, मग तळव्याचा वास घे."

"हेही आईनेच सांगितलं?"

"हो. आणि म्हणाली होती, ही कुंडी उगाच कुणालाही द्यायची नाही." त्याचा घशातला 'र' आणखीनच घोगरा झाला. "जासिंता, मला परत जायचं नाही. डॉक्टर म्हणालेत, त्यांचा पाय बरा झाला तरी त्यांना आता निवृत्तच व्हायचंय. जागा माझी होऊ शकते. पण तू हो म्हटलंस तरच. रोज तुझ्यासमोर तोंड लपवत फिरायचं असेल, तर मी आपला —"

मी कुंडीवरून तळवा फिरवला. आणि तोच तळवा त्याच्या नाकाशी धरला. त्याने डोळे मिटले, आणि हळूच... तळव्यावर ओठ टेकले. मागे चौकात कुणीतरी शिट्टी वाजवली. बहुतेक मास्तरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघायला वेळ होता. कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यात आम्ही दोघं कशीबशी मावलो. तेल्मोने लक्झेंबर्गला फोन लावला. "आई, मी ग्रासामध्ये आहे," एवढंच तो म्हणू शकला. मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला, डोळे पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "नाही, एकटा नाही... कोण म्हणजे? थांब."

त्याने रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"बाई, मी जासिंता," मी म्हटलं. "तुमच्या मुलाने काल आमचा अख्खा बँड लिस्बनमध्ये हरवला."

पलीकडून खळखळून हसू आलं. "अगं बाई! मग आता काय करायचं त्याचं?"

मी तेल्मोकडे बघितलं. काचेला टेकून, श्वास रोखून उभा होता.

"आता तो तिकडे राहायला परत येणार नाही," मी म्हटलं. "मी येऊ देणार नाही. पण तुम्ही या ना इकडे. आम्हाला दोघांना हे शहर नीट दाखवायला कुणीतरी हवंय."