मागच्या सीटवरची बाई

दार लोटून घ्या. मध्ये कुणी बोलायचं नाही. ही आमच्या मेहुण्याची हकिगत आहे, सख्ख्या.

गेल्या जानेवारीतली तेवीस तारीख, रात्रीचे अकरा. मेहुण्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि घर एकाच खोलीत. वार्निशचा वास, धूर, आणि त्यातच वर्षाचं लेकरू खोकत होतं.

बायको म्हणाली, "अहो, लक्षण बरं दिसत नाही. दवाखान्यात नेऊ या."

"तुझं आपलं काहीतरीच! खोकला तर आहे. औषध आणतो."

स्कूटर काढून गेला. बाटली घेऊन परतताना पुलाजवळ एक बाई उभी. शाल पांघरलेली, छातीशी गुंडाळलेलं मूल, डोक्यावर लोकरीचं टोपडं.

"भाऊ, पुढपर्यंत सोडता?"

मेहुणा मऊ मनाचा. "बसा ताई."

ती बसली. पण गाडी जराही दबली नाही.

"बाळ आजारी आहे ना घरी?"

"हो... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दिवस भरायच्या आधीच झालेलं?"

"...हो."

"बाळसंही धरलेलं नाही. आत्ताच गोवर येऊन गेला. आणि घरात धूर."

मागे तिचं मूल श्वास घेत होतं. भराभर. कण्हत. कण्हत...

मग आवाज थांबला.

"माझ्या बाळाचंही असंच झालं होतं," ती कानाशी म्हणाली. "मीही बाटलीच आणायला गेले होते."

त्यानं ब्रेक दाबला. वळून पाहिलं.

सीट रिकामी.

रस्ता रिकामा.

मानेवर मात्र गार श्वास...

घरी कसा पोचला, त्याचं त्यालाच ठाऊक. लेकराच्या नाकपुड्या फुलत होत्या. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओठ निळे. स्कूटर दारातच टाकली, शेजाऱ्याला उठवलं, त्याच्या गाडीतून दवाखाना गाठला.

"न्यूमोनिया आहे. फुफ्फुसाबाहेर पू झालाय," डॉक्टर म्हणाले. "अशा अशक्त बाळांचं बघता बघता बिघडतं. सकाळपर्यंत थांबला असतात, तर..."

नळी घालून पू काढला. लेकरू वाचलं.

काही दिवसांनी कपडे न्यायला मेहुणा पहाटे घरी आला. स्कूटर होती तिथंच, दवानं निथळत. मागच्या सीटवर लोकरीचं इवलंसं टोपडं. यांच्या घरातलं नव्हे.

कोरडं ठणठणीत.

त्यानं आत बोटं घातली...

आतून ऊबदार होतं.